चौथ्या दिवशीचा फळा

खंडेराव गेट, झाशी
४ फेब्रुवारी २०२५

चि. निवेदिता हिला आप्पाआजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लाल शाईनं तपासून ते सोबत परत पाठवतो आहे. ह्या वेळी फक्त चार चुका. पुण्यात राहून तुझं मराठी बिघडलं नाही ह्याचं श्रेय मी घेतो. बिघडलं असतं तर दोष पुण्याला दिला असता. तू म्हणतेस, आता पत्रं पुरे, व्हिडिओ कॉल करू. कर खुशाल, पण मला ऐकू यायला हवं ना. डावा कान गेलाच आहे आणि उजवा त्याच वाटेवर आहे. तुझ्या प्रेमलाआजीनंतर ह्या घरात बोलणारं कोणी उरलं नाही, तेव्हा कानांनीही विचार केला असेल की आता कशाला राबायचं.

फळा रोज लिहितो. माझ्या वडलांनी तो सुरू केला तेव्हा गेटाच्या आत वीस मराठी घरं होती आणि पुण्याहून टपालानं येणारा पेपर एकच. वीस घरं कुठवर वाट बघणार, म्हणून त्यांनी ओट्यावर फळा टांगला. वर मराठीत, खाली शेजाऱ्यांसाठी हिंदीत. आता मराठी घरं तीन. वरचं मराठी मीच लिहितो नि मीच वाचतो. समोरची चारुता बँकेतून येताना थांबते, पण तीही खालचं हिंदीच वाचते आणि वर बघून 'छान अक्षर आहे आजोबा' म्हणते. खालचं मात्र सगळी गल्ली वाचते. पेपर चौथ्या दिवशी येतो, म्हणून आमची बातमी नेहमी शिळी, आणि शिळी म्हणूनच लोक ती मानतात. मीठ संपणार म्हणून मोबाईल बोंबलले होते तेव्हा फळ्यावर त्यातलं अक्षर नव्हतं. आपली गल्ली सोडून बाकीचे लोक मिठाच्या थैल्या घेऊन धावत होते. वडील म्हणायचे, खोट्याला चार दिवसांचा प्रवास झेपत नाही. त्यांचा नियम मी आजवर पाळला. मराठी पेपरात छापून आल्याशिवाय फळ्यावर नाही.

एक काळजी आहे, ती सांगतो. शनिवारी मऊरानीपूरकडच्या एका लग्नात जेवून चाळीसेक माणसं आजारी पडली. सगळी बरी आहेत. पण त्या लग्नाला तेल आपल्या हरदयाल साहूच्या घाणीवरून गेलं होतं, आणि रविवारपासून मोबाईलवर एकच धोशा चालू आहे की तेलात भेसळ होती. लहानपणी ज्याच्या घाणीवर बसून तू तिळाची गरम ढेप गुळाबरोबर खायचीस, तोच साहू. चाळीस वर्षं आपल्या घरात दुसरं तेल आलेलं नाही. रोज संध्याकाळी तो ओट्यावर येतो, फळा पुसायला ओलं फडकं आणतो, आणि माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून दिवसभराच्या गोष्टी सांगतो. तेवढीच माझी दिवसाची सोबत. माझ्याशी किती मोठ्यानं बोलायचं ते त्याला बरोबर ठाऊक आहे. बाकीचे एकतर कुजबुजतात नाहीतर ओरडतात.

काल एक गिऱ्हाईक त्याच्याशी भांडायला आलं, तर हा पठ्ठ्या म्हणतो, "आप्पाजू के बोर्ड पै आ जाय, सो मान लियो." आप्पाच्या फळ्यावर आलं तर खरं माना म्हणे. मला हसू आलं आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. असली थाप तुमचा पुण्याचा पेपर कशाला छापतोय?

प्रकृतीला जप. डबा वेळेवर खात जा.

आप्पा


पुणे
१० फेब्रुवारी २०२५

ती. आप्पाआजोबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं. चार चुकांपैकी एक मी मान्य करत नाही, पण वाद घालायला तुम्ही समोर नाही.

इथं ठीक चाललं आहे. खोलीतल्या दोघी रात्रपाळीला असतात, त्यामुळे आमची भेट दारातच होते. एक आत येते तेव्हा दुसरी चपला घालत असते. ऑफिसात माझ्या मराठीला अजून हसतात. मी 'पाकसिद्धी' म्हटलं तर एकजण म्हणाला, ही थेट पेशव्यांच्या मुदपाकखान्यातून आली आहे. फोनवर तुमच्या चारुताताईंशी हिंदीत बोलले की तोच म्हणतो, यूपीवाली. झाशीत मी मराठीवाली होते. कुठेतरी मी नुसती निवेदिता असेन, ते गाव अजून सापडलेलं नाही.

साहूकाकांचं वाचून वाईट वाटलं. आजोबा, एक सांगू का? फळ्यावर काही लिहायची घाई करू नका. मराठी पेपरातही चुका होतात. आम्ही डेस्कवर दिवसाला किती बातम्या करतो हे तुम्ही पाहिलंत तर तुमचा आमच्यावरचा विश्वास उडेल. साहूकाकांबद्दल काही छापून आलंच, तरी जरा थांबा. निदान मला विचारा.

कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. चारुताताई सोबत येतील, मी त्यांना सांगते.

तुमची
निवेदिता


झाशी
१६ फेब्रुवारी २०२५

चि. निवेदितास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, पण वरातीमागून घोडं. तू 'थांबा' लिहिलंस त्याच्या दोन दिवस आधीच सगळं होऊन गेलं होतं.

आठ तारखेला अंक आला, चार तारखेचा. पाचव्या पानावर झाशीची बातमी. मी आधी खूश झालो, कारण तुमच्या पेपरात झाशी यायची म्हणजे काहीतरी शे-दीडशे वर्षांपूर्वीचंच असतं. मग वाचली. तेलात भेसळ, चाळीस जणांना विषबाधा. साहूचं नाव नव्हतं, पण पत्ता होता: 'खंडेराव गेटजवळची जुन्या पद्धतीची लाकडी घाणी, जिच्या दारात मोठा कडुनिंब आहे.'

मी तीन वेळा वाचली. मनात म्हटलं, मोबाईलवाल्यांपैकी कोणीही घाणी लाकडी असल्याचं लिहिलेलं नाही. म्हणजे पेपरानं माणूस पाठवला, तो इथवर आला, त्यानं डोळ्यांनी बघितलं. एक कडुनिंबाचं तेवढं चुकलं. तो रस्ता रुंद करताना तोडला, त्याला दोन वर्षं होऊन गेली. परगावच्या माणसानं बुंधा बघून लिहिलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्या सकाळी मी साहूच्याच तेलातली वांग्याची भाजी खाल्ली होती. तरी खडू उचलला. नियम म्हणजे नियम.

वर मराठीत लिहिलं, खाली हिंदीत. साहू रोजच्या वेळेला फडकं घेऊन आला. दोनदा वाचलं. मला वाटलं तो भांडेल, निदान काही विचारेल. त्यानं फडक्याची घडी घालून ती माझ्या हातात दिली आणि निघून गेला. त्याच्यामागे पाच-सात लोक उभे होते. त्यातल्या एकानं मोबाईलवर फळ्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो एका चॅनेलवर होता आणि खाली पट्टी होती, मराठी समाजानेही पुष्टी केली. चारुतानं मला दाखवला. माझं अक्षर टीव्हीवर चांगलं दिसत होतं, हे आधी मनात आलं. नंतर लाज वाटली.

आता घाणीवर कोणी फिरकत नाही. अन्न खात्याचे लोक तेलाचे नमुने घेऊन गेले आहेत. साहू दाराशी बसून असतो, ओट्याकडे बघत नाही. मी दोनदा गेलो, तो काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही, आणि ह्या वेळी तो कानाशी आला नाही.

तू एक काम कर. ही बातमी लिहिणाऱ्या वार्ताहराचं नाव काढ. तो इथं कोणाला भेटला, कोणी सांगितलं, ते विचार. मला त्याच्याशी भांडायचं नाही. त्यानं काय बघितलं एवढंच हवंय, म्हणजे साहूला सांगता येईल.

आप्पा

ता. क. तुझ्या पत्रात एकही चूक नाही, म्हणून परत पाठवलं नाही.


पुणे
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पाआजोबांना नमस्कार.

उशीर झाला, क्षमा करा. अधिवेशनामुळे सगळ्यांच्या सुट्ट्या बंद आहेत.

त्या बातमीचं विचारलंत. डेस्कच्या बातमीला नाव नसतं, आजोबा. सहा जण पाळीनं बसतात, कोणी कोणती केली ते लक्षात राहत नाही. बहुतेक कोणी वार्ताहर गेला नसावा. विचारून बघते.

नमुन्यांचा निकाल आला की लगेच कळवा. साहूकाका काय म्हणतात, दुकान उघडतात का, तेही लिहा.

कडुनिंब कधी तोडला? तुम्ही मला कळवलं नव्हतं.

निवेदिता


झाशी
४ मार्च २०२५

चि. निवेदितास आशीर्वाद.

निकाल आला. तेल स्वच्छ आहे. त्रास दहीवड्यांनी झाला. सकाळपासून मांडवाबाहेर उन्हात ठेवले होते म्हणे. शनिवारच्या हिंदी पेपरात आलं आहे, चारुतानं मोठ्यानं वाचून दाखवलं. ओरडून वाचलं म्हण. अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं असेल, पण गल्लीची सवय अशी की एकजण मला विचारतो, बोर्डावर कधी येणार?

मी त्याला सांगितलं, मराठीत छापून येऊ दे, त्या दिवशी लिहितो. म्हणून आता तू तुझ्या संपादकांना सांग आणि दुरुस्ती छापून आण. जी बातमी छापली ती चुकली, एवढंच. चार ओळी पुरेत.

साहू मात्र निकालाआधीच गेला. वीस फेब्रुवारीला घाणीला कुलूप लावलं आणि मऊरानीपूरला लेकीकडे निघून गेला. मला सांगून गेला नाही. मी ओट्यावर होतो, त्यानं सायकल-रिक्षात ट्रंक ठेवली, मी हात वर केला. त्यानं बघितलं असावं.

संध्याकाळ आता फार लांब वाटते. फळा पुसायला फडकं मीच भिजवतो, तर कधी फार ओलं होतं आणि खडू उमटत नाही. चाळीस वर्षांत हे काम मला शिकावंच लागलं नव्हतं.

कडुनिंब दोन वर्षांमागे पावसाळ्याच्या तोंडावर तोडला. तुझी परीक्षा चालू होती म्हणून लिहिलं नाही. तुला त्याचं इतकं का लागलं ते कळलं नाही.

दुरुस्तीचं विसरू नको.

आप्पा


पुणे
१२ मार्च २०२५

ती. आप्पाआजोबा,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही. ती बातमी मी लिहिली.

तीन फेब्रुवारीची दुपार होती. हिंदी पोर्टलवर 'झाँसी' दिसलं आणि मी एकदम खुर्चीत सरळ बसले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या गावाचं नाव घेत होतं. दत्तात्रेय सर, आमचे डेस्कप्रमुख, म्हणाले, "झाशी? तू तिथलीच ना? मग तुला माहीतच असेल, घे करून." तीच आमची खातरजमा. मी तिथली आहे, एवढीच. पोर्टलवर 'खंडेराव गेट की एक घानी' इतकंच होतं. ती कुणाची हे मला त्याच क्षणी कळलं. गेटजवळ दुसरी घाणी आहेच कुठे?

लाकडी घाणी आणि कडुनिंब मी माझ्या मनातून घातले. बातमी फार कोरडी वाटत होती. डोळे मिटले तर ते झाड दिसलं, ढेपेचा वास आला, आणि मी लिहून टाकलं. सरांनी शाबासकी दिली, म्हणाले, बघ, स्थानिक माणूस असला की बातमीला जीव येतो. मी कुणाला फोन केला नाही. अकरा मिनिटांत बातमी दिली आणि पुढची उघडली. साहूकाकांचं नाव घातलं नाही म्हणजे त्यांचं काही बिघडणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

तुम्ही त्या लाकडी घाणीमुळे विश्वास ठेवलात, आणि ती मी तुमच्याच ओट्यावरून पाहिलेली होती. ते तुमच्या पत्रात वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. बातमीतलं मराठीही तुम्हीच शिकवलेलं. पत्रात तुम्ही लाल शाईनं खुणा करायचात तशी एकही चूक तिच्यात नव्हती.

अजून आहे. नऊ तारखेला तुमचं पहिलं पत्र मिळालं. साहूकाका लोकांना फळ्याची वाट बघायला सांगतात, हे वाचलं. चारुताताईंचा नंबर माझ्याजवळ होता. तेव्हा फळा लिहून झाला होता हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं अजून वेळ आहे. तरी फोन केला नाही, कारण केला असता तर का, ते सांगावं लागलं असतं. म्हणून 'थांबा' असं गोलमोल पत्र लिहिलं. मग आमच्याच साइटवर दुसरी बातमी आली, स्थानिक मराठी समाजानेही दुजोरा दिला. तो दुजोरा म्हणजे तुमचा फळा, आणि फळ्यावर माझी बातमी. म्हणजे मीच मला दुजोरा दिला.

दुरुस्तीसाठी सरांकडे रोज जाते आहे. ते म्हणतात, नाव कुठे छापलं होतं, मग दुरुस्ती कुणाची? काल त्यांना सांगितलं की मी लेखी लिहून देते, चूक माझी. बहुतेक येईल.

इथं माझं ऐकून घेणारं कोणी नाही, म्हणून मी ह्या पत्रांवर जगत आले. आता तुम्ही लिहिणं थांबवलंत तरी मला ते समजेल. पण थांबवू नका.

निवेदिता


पुणे
७ एप्रिल २०२५

ती. आप्पाआजोबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलेलं नाही. मागचं पोचलं का, हेही कळत नाही. चारुताताईंना फोन केला, त्या म्हणाल्या आजोबा बरे आहेत, फळ्यावर हल्ली काहीतरी वेगळंच लिहितात. काय ते विचारायचा धीर झाला नाही.

दुरुस्ती एकोणीस मार्चच्या अंकात आली, सातवं पान, खाली, राशिभविष्याच्या शेजारी. चार ओळी आहेत. लेखी दिल्यामुळे मला सध्या डेस्कवरून काढून जुन्या अंकांच्या खोलीत बसवलं आहे. तिथं दिवसभर कोणी येत नाही. धूळ पुष्कळ आहे.

मागचं पत्र लाल शाईनं भरून परत पाठवलंत तरी चालेल.

निवेदिता


झाशी
३० एप्रिल २०२५

चि. निवेदिता हिला अनेक आशीर्वाद.

दोन्ही पत्रं पोचली होती. लिहिलं नाही, कारण रागावलो होतो. तुझ्यावर रागावलो होतो हे खरं, पण तू नऊ तारखेला जे केलंस तेच मी केलं. तेलाचा निकाल कळूनही थांबलो. तो राग कुठे ठेवावा ते समजेना, म्हणून इतके दिवस लागले.

दुरुस्तीचा अंक तेवीस मार्चला आला. फळ्यावर लिहायच्या आधी वाटलं, साहूला दाखवावा. दुसऱ्या सकाळी बस धरली. मऊरानीपूरला त्याच्या लेकीच्या धान्याच्या दुकानामागे तो पोत्यांवर बसून भुईमूग निवडत होता. मी त्या चार ओळी त्याला वाचून दाखवल्या, मग हिंदीत सांगितल्या. त्यानं ऐकून घेतलं. मग उठून माझ्या उजव्या कानाशी आला आणि रोजच्या त्याच आवाजात म्हणाला, "आप्पाजू, तुमने तौ तेल खाओ हतो. फिर कागज से काए पूछी?"

तुम्ही तर तेल खाल्लं होतं, मग कागदाला का विचारलंत? चाळीस वर्षं मी त्या तेलावर जगलो. घाणी फिरताना रोज बघितली. निकाल हिंदीत छापून आला होता, तोही मी मराठीची वाट बघत तीन आठवडे बाजूला ठेवला. हिंदीतलं खरं नसतं असं मी कधी म्हटलं नाही, पण वागलो तसाच. आपल्या भाषेत छापलेलं म्हणजे आपल्या माणसानं सांगितलेलं, असं मी धरून चाललो. ते आपल्या माणसानंच सांगितलेलं निघालं, हा माझा आणखी एक दंड.

बातमी कुणी लिहिली ते त्याला सांगितलं. लपवलं नाही. त्यानं शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि विचारलं, "बिन्नू खों अबै लौ नीम की सुध है?" पोरीला अजून कडुनिंब आठवतो का? मी हो म्हटलं. झाड तोडलं तेव्हा तो रडला होता, हे मला त्याच दिवशी कळलं. दोन वर्षं समोरासमोर बसून मी त्याला विचारलं नव्हतं, आणि तुला पत्रात एक ओळ लिहिली नव्हती. लिहिली असती तर तुझ्या बातमीत ते झाड तरी आलं नसतं.

चल म्हटलं झाशीला, तर नुसता हसला.

परत आल्यावर वरचं मराठी पुसून टाकलं. सगळा फळा हिंदीत लिहिला आणि खाली पहिल्यांदाच स्वतःच्या नावाची सही केली. 'साहूच्या तेलाबद्दल मी न बघता लिहिलं. ते खोटं होतं. मी चाळीस वर्षं ते खातो आहे. नीलकंठ.' त्याचा फोटो कोणी काढला नाही.

तेव्हापासून नवा नियम केला. स्वतः बघितलं तेवढंच लिहायचं. चारुता तुला फोनवर 'वेगळंच' म्हणाली ते हेच. आता ह्या वयात मी बघून बघून काय बघणार? नळाला पाणी किती वेळ आलं, गेटावरचा दिवा लागला की नाही. आणि रोज एक ओळ ठरलेली: साहूची घाणी बंद, दिवस अमुक. वीस फेब्रुवारी हा पहिला दिवस धरला. लोक येताजाता बघतात आणि पुढे जातात. पूर्वी पाच जण थांबायचे, आता एखाद दुसरा. पण रोज संध्याकाळी मी चष्मा लावून त्या कुलपाकडे बघतो आणि मगच आकडा लिहितो. शनिवारी सहासष्ट लिहिला.

रविवारी मला ताप होता. दिवसभर गोधडीत पडून होतो, फळा तसाच राहिला. सोमवारी उठलो, घाणीला कुलूप होतं. एक दिवस चुकला म्हणून हिशेबानं अडुसष्ट लिहिला.

काल सकाळी दूध घ्यायला ओट्यावर आलो, तर अडुसष्टावर काट मारलेली आणि शेजारी सदुसष्ट. खाली लहान अक्षरात, 'इतवार खों खुली हती.' रविवारी उघडी होती. तो सातचा आकडा मी ओळखतो. चाळीस वर्षं तेलाच्या डब्यांवर खडूनं घाण्याची तारीख घातलेली मी बघत आलो, त्याचा सात असाच पाय दुमडून बसतो. पुन्हा न बघताच लिहिलं होतं मी, आणि त्यानं मला पकडलं.

फळ्याच्या खालच्या खिळ्यावर ओलं फडकं होतं. घडी घातलेलं.

म्हणजे रविवारी तो आला, घाणी उघडली, झाडलोट केली असेल. सोमवारी रात्री आकडा खोडून पुन्हा कुठे गेला ते माहीत नाही. चारुतानंही बघितलं नाही. पण ओट्यापर्यंत येऊन आकडा खोडणारा माणूस त्याआधी दाराशी आला नसेल का? रविवारी त्यानं कडी वाजवली असेल. तुला माझे कान ठाऊक आहेत, आणि त्याला तर तुझ्याहून जास्त ठाऊक आहेत. तो वाजवत उभा राहिला असेल आणि मी आत गोधडीत पडलेला असेन, हे काल दिवसभर डोक्यातून जाईना. रडलो, ते तुला लिहायला हरकत नाही.

तुझं बारा मार्चचं पत्र सोबत परत पाठवतो आहे. लाल शाई कुठेच नाही, शोधू नकोस. जुन्या अंकांच्या खोलीत आहेस तर बरंच आहे. तिथं निदान अकरा मिनिटांची घाई नाही. सुट्टी मिळाली की इकडे ये. घाणीसमोर बुंधा अजून आहे. तो स्वतः बघ, आणि मग काय लिहायचं ते लिही.

फळ्यावर आज फक्त सदुसष्ट ठेवला आहे, पुढचा आकडा घातला नाही. आणि दार कालपासून उघडंच ठेवतो. चारुता रागावते, म्हणते चोर येतील. मी तिला म्हटलं, आले तर मला कुठे ऐकू येणार आहेत, पण ज्याला यायचंय त्याला निदान कडी वाजवत उभं राहावं लागणार नाही.

आप्पा